कल बदलतो की प्रश्न?

कात्रजच्या तळ्यापासून धनकवडी-आंबेगावच्या बाजूला गेले की खडकवासला विधानसभा मतदारसंघ लागतो आणि कोंढव्याच्या बाजूला गेले की हडपसर. पहिला बारामती लोकसभेत मोडतो, दुसरा शिरूरमध्ये. एकाच चौकात भाजी घेणारी आणि एकाच थांब्यावर पीएमपीची वाट पाहणारी माणसे दोन वेगवेगळे खासदार निवडतात. या भागातल्या खडकवासल्याचे आकडे निवडणूक-अंदाजांवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने एकदा मांडून पाहावेत. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत बारामतीत सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या, पण खडकवासल्याने भाजपच्या कांचन कुल यांना सुमारे 65 हजारांची आघाडी दिली. सहा महिन्यांनी, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातल्या विधानसभा निवडणुकीत, याच खडकवासल्यात भाजपचे भीमराव तापकीर अवघ्या 2,595 मतांनी निवडून आले. 2024 मध्ये मात्र उलटे घडले. मे महिन्यात लोकसभेला भाजपच्या मित्रपक्षाच्या सुनेत्रा पवार यांना आघाडी देणारा बारामतीतला हा एकमेव विधानसभा मतदारसंघ होता आणि ती आघाडी वीस हजारांच्या आसपास होती. नोव्हेंबरात तापकीर पन्नास हजारांहून अधिक मतांनी जिंकले. एकदा सहा महिन्यांत आघाडी आटली, पाच वर्षांनी तितक्याच काळात ती फुगली. ‘मतदारांचा कल बदलला’ असे म्हणून दोन्ही वेळचे कोडे सुटल्यासारखे वाटते, पण या वाक्याने काहीच उलगडत नाही. माझे म्हणणे असे आहे, की निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात आपल्याला जी हालचाल दिसते ती बहुतेक वेळा मतदाराच्या मनातली नसते. विचारलेला प्रश्न बदललेला असतो, किंवा मोजणाऱ्याची चूक उघडी पडलेली असते. जनमत चाचण्यांचा जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

हा इतिहास मुख्यतः अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत घडला. तिथे निकाल देशभरच्या एकूण मतांवर लागत नाही, राज्याराज्यांतून लागतो. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रे पाठवली, वीस लाखांहून अधिक उत्तरे मिळवली आणि अल्फ लँडन जिंकणार असे जाहीर केले. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांमधून आणि मोटारींच्या नोंदींमधून. मंदीच्या काळात ज्यांच्या घरी यातले काहीच नव्हते, ते यादीतच नव्हते. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. पुढे 1948 मध्ये तेच गॅलप चुकले. मतदानाला सुमारे दोन आठवडे असतानाच मुलाखती थांबवल्या गेल्या, ड्युई जिंकणार असे छापले गेले आणि ट्रुमन निवडून आले. 2016 मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांनी निकाल फिरवला. तिन्ही ठिकाणचा एकूण फरक 80 हजार मतांच्या आत होता. देशपातळीवरच्या चाचण्या त्या वर्षी फार चुकल्या नव्हत्या. चुकल्या त्या राज्यांच्या. अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी कमी शिकलेल्या मतदारांचे नमुन्यातले अपुरे प्रमाण दुरुस्त केले नव्हते. चूक एकूण आकड्यात लपते आणि तुकड्यात उघडी पडते, हा 2016 चा धडा आहे.

भारतात हे शास्त्र एरिक दा कोस्टा यांच्या ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन’ने 1950 च्या दशकात आणले. त्याला खरे भारतीय वळण मिळाले ते 1980 च्या दशकात, प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांच्या कामामुळे. मतांची टक्केवारी सांगून आपल्याकडे भागत नाही. विरोधक किती एकसंध आहेत यावर जागा ठरतात, हे त्यांनी विरोधी ऐक्याच्या निर्देशांकातून दाखवले. महाराष्ट्राने 2024 मध्ये याचा पुरावा लागोपाठ दोनदा दिला. लोकसभेला महायुती आणि महाविकास आघाडी दोघांनाही 43 ते 44 टक्क्यांच्या आसपास मते पडली, पण जागा झाल्या 17 आणि 30. उरलेली एक सांगलीची, अपक्षाची. नोव्हेंबरात भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी मिळून 288 पैकी 230 जागा महायुतीकडे गेल्या आणि आघाडीतल्या तीन मोठ्या पक्षांना मिळून 46 मिळाल्या. मधल्या काळात दरमहा 1,500 रुपयांची लाडकी बहीण योजना आली, हे खरे. पण लोकसभेला सुमारे 61 टक्के मतदान झाले होते आणि विधानसभेला सुमारे 66 टक्के. साधारण 9.7 कोटी मतदारांच्या राज्यात पाच टक्के म्हणजे 48 लाखांहून अधिक माणसे. एप्रिल-मे महिन्यांत घरी राहिलेली इतकी माणसे नोव्हेंबरात रांगेत उभी राहिली असतील, तर ‘लोकांनी मत बदलले’ म्हणण्याआधी लोकच किती बदलले ते पाहायला हवे.

आता शेवटच्या आठवड्यांकडे येऊ. 2024 च्या विधानसभेची घोषणा 15 ऑक्टोबरला झाली, अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस 4 नोव्हेंबर होता आणि मतदान 20 नोव्हेंबरला. म्हणजे आपल्या मतदारसंघात नक्की कोण उभे आहे, कोणता बंडखोर राहिला आणि कोण बसला, हे मतदाराला मतदानाच्या जेमतेम सोळा दिवस आधी कळले. त्याआधीच्या चाचणीत ‘कोणत्या पक्षाला’ असा प्रश्न असतो. त्यानंतर मतदाराच्या मनात ‘यांच्यापैकी कोणाला’ असा प्रश्न येतो. 2019 च्या खडकवासल्यातला 65 हजार ते 2,595 हा उतार याच भेदाचा आहे. एप्रिलमध्ये प्रश्न दिल्लीच्या सत्तेचा होता, ऑक्टोबरात तो गल्लीत दिसणाऱ्या आमदाराचा झाला. हा भेद या मतदारसंघाला जुनाच आहे. मतदारसंघांची फेररचना झाल्यावर 2009 मध्ये झालेल्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत इथून मनसेचे रमेश वांजळे निवडून आले होते, आणि त्यांच्या निधनानंतर 2011 च्या पोटनिवडणुकीत हीच जागा भाजपकडे गेली. अशा ठिकाणी राज्याचा एक आकडा घेऊन अंदाज बांधणे म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून कात्रजच्या तळ्याची पातळी सांगणे होय.

नमुन्याचे गणितही हेच सांगते. राज्यभरात दहा हजार लोकांशी बोलून चाचणी केली, तर 288 मतदारसंघांत वाटल्यावर प्रत्येकी 35 माणसे येतात. राज्याचा आकडा त्यातून एखाद्या टक्क्याच्या फरकाने मिळेल; एका मतदारसंघाचा अंदाज मात्र 17 टक्के इकडे किंवा तिकडे झुकू शकतो. शिवाय नमुन्यात कोण किती असावे हे बहुधा जनगणनेवरून ठरते आणि या निवडणुकांच्या वेळी हाताशी असलेली शेवटची जनगणना 2011 ची होती. त्यानंतरच्या वर्षांत कात्रजचा परिसर ओळखू येऊ नये इतका बदलला. आंबेगाव बुद्रुक आणि खुर्द 2017 मध्ये महापालिकेत आले. मांगडेवाडी, भिलारेवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी ही गावे 2021 मध्ये आली. सातारा रस्त्याच्या दोन्ही अंगांना, घाटाच्या पायथ्यापर्यंत सोसायट्या चढल्या. भाड्याने राहणारी, नाव अजून गावाकडच्या यादीत असलेली, कामावरून रात्री परतणारी माणसे मुलाखत घेणाऱ्याला सर्वांत कमी भेटतात, आणि अशी माणसे शहराच्या काठावरच जास्त असतात. 1936 मध्ये टेलिफोन नसलेले सुटले. आज काठावरचे सुटतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की शेवटच्या दिवसांत मने खरोखर फिरतात. फिरतात, हे मान्यच करायला हवे. 1991 मध्ये मतदानाचा पहिला टप्पा झाल्यावर 21 मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि पुढे ढकललेल्या टप्प्यांत काँग्रेसची कामगिरी आधीपेक्षा स्पष्टपणे सुधारली. पण तिथे कारण बोट ठेवून दाखवता येते. ज्या हालचालीमागे असे कारण सापडत नाही, ती आधी मापनातली चूक मानून तपासावी. दुसरा आक्षेप सरासरीचा: एक चाचणी चुकेल, पण दहा मिळून चुका एकमेकींना छेदतील. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असत्या तर हे खरे ठरले असते. सगळ्यांची जनगणना तीच आणि न भेटणारी माणसेही तीच असतील, तर दहाही एकाच दिशेने चुकतात. 1 जून 2024 च्या बहुतेक एक्झिट पोलनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला 350 च्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा दिल्या, मिळाल्या 293. त्या अंदाजांवर विसंबलेला शेअर बाजार निकालाच्या दिवशी जवळपास सहा टक्क्यांनी कोसळला. इतके एकमत असल्यामुळेच तो आकडा भरवशाचा वाटला होता.

तिसरा आक्षेप बंदीचा आहे आणि तो प्रामाणिक आहे: असे आकडे मतदाराला भुलवतात, तर ते थांबवावेत. कायद्याने काही प्रमाणात तसे केलेही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 2009 मध्ये आलेल्या कलम 126अ नुसार शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाहीत, आणि त्याच कायद्याच्या कलम 126 नुसार मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जनमत चाचण्याही दाखवता येत नाहीत. मतदान सुरू असताना ही मर्यादा योग्यच आहे. पण संपूर्ण बंदी घातली तर कुजबुज आणि सट्टाबाजाराचे भाव तेवढे उरतील, आणि त्यांची पद्धत तपासणे कोणालाच शक्य नाही. चाचणीची पद्धत निदान मागता येते, आणि ती मागण्याची सवय वृत्तपत्रांनी आणि वाचकांनी लावून घ्यायला हवी. मुलाखती कोणत्या तारखांना झाल्या, अर्ज मागे घेण्याआधी की नंतर. प्रश्न पक्षाचा होता की उमेदवाराचा. किती मतदारसंघांत किती माणसे भेटली आणि कोण भेटले नाही, हे आकड्याशेजारी छापलेच पाहिजे.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तळ्यातून पुण्याच्या पेठांतल्या हौदांपर्यंत जमिनीखालून नळ नेला गेला, तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उसासे, म्हणजे नळात उतरण्याची विहिरीसारखी तोंडे, बांधले गेले. हौदात पाणी कमी पडले तर नुसते हौदाकडे पाहून कारण कळत नाही. उसाशातून खाली उतरावे लागते, गाळ कुठे साचला ते शोधावे लागते. निवडणुकीचा राज्यव्यापी आकडा हा शेवटचा हौद आहे. त्याची पातळी वर-खाली झाली की आपण ऋतू बदलला असे म्हणतो. 65 हजारांपासून 2,595 पर्यंतचा प्रवास ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी धनकवडी-आंबेगावच्या पातळीवर उतरून विचारावे, आणि दर वेळी आधी पाहून घ्यावे की आपण तोच प्रश्न, त्याच माणसांना विचारतो आहोत का.