राजाने हिरावले, तर दाद कोठे?

पावसाने झोडपले आणि राजाने मारले, तर तक्रार कोणाकडे करावयाची, असे आपल्याकडे म्हणतात. पण मारणारा राजा परका असेल आणि न्यायासन आपल्याच देशाचे असेल, तर? हा प्रश्न सन १८१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ती हकीकत आम्हांस मोठी बोधप्रद वाटते.

मेरीलँडच्या दोघा गृहस्थांचे 'एक्स्चेंज' नावाचे गलबत १८०९ साली बाल्टिमोरहून स्पेनकडे निघाले. १८१० च्या डिसेंबरात नेपोलियनच्या हुकमाने ते पकडले गेले आणि नवे नाव घेऊन फ्रेंच लढाऊ जहाज बनले. पुढल्याच वर्षी वादळाने मोडतोड होऊन ते फिलाडेल्फियाच्या बंदरात शिरले. राजाने नेलेले वादळाने परत आणले! मालकांनी तत्काळ दावा लावला.

सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी गलबत न्यायाने घेतले की अन्यायाने, हे तपासलेच नाही. सारी सार्वभौम राज्ये बरोबरीची. बरोबरीच्याने बरोबरीच्याचा न्याय करू नये. मित्रराष्ट्राचे लढाऊ जहाज खुल्या बंदरात येते, ते अभय गृहीत धरूनच येते. दावा फेटाळला गेला. निकाल कठोर खरा. पण त्याच वर्षी अमेरिकेचे इंग्लंडशी युद्ध जुंपले, हे ध्यानी घेतले म्हणजे एका गलबतापायी फ्रान्सशीही वैर घेणे त्या तरुण राष्ट्रास किती महाग पडले असते, हे कळते.

पुढे सरकारे स्वतःच व्यापारात उतरली, आणि व्यापाऱ्याला राजाचे अभय कशाला, असा प्रश्न उभा राहिला. १९७६ च्या अमेरिकन कायद्याने अपवाद ठरविले: आंतरराष्ट्रीय कायदा मोडून हिरावलेल्या मालमत्तेबद्दल, तिचा अमेरिकेतील व्यापाराशी ठराविक संबंध असल्यास, परक्या राज्यावरही दावा चालेल. नाझींनी व्हिएन्नात हिरावलेल्या, आपल्या काकांच्या क्लिम्ट यांच्या चित्रांसाठी मारिया आल्टमान याच वाटेने गेल्या. हा कायदा त्यापूर्वीच्या कृत्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरविले. चित्रे कोणाची, हे मात्र त्याने ठरविले नाही. तो निवाडा ऑस्ट्रियातील लवादाने २००६ मध्ये केला, आणि पाच चित्रे वारसांना मिळाली. बाई तेव्हा नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या.

राज्याराज्यांतील शांतता हवी, तर परस्परांचा मान राखावाच लागतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या मानाची किंमत नेहमी एकट्यादुकट्या माणसानेच का मोजावी? न्यायाचे दार आता किलकिले झाले आहे. ते सताड उघडलेले नाही, एवढेच आम्ही म्हणू.