पहाणी

बिदर-कलबुर्गीकडचा शेतकरी सातबारा मागत नाही, ‘पहाणी’ मागतो. शब्द अस्सल मराठी, ‘पाहणे’पासून झालेला, निजामी मुलखात कन्नड-तेलुगूतही रुळला. पटवाऱ्याने शिवारात जाऊन पीक कोणते, कसणारा कोण, हे डोळ्यांनी बघून लिहायचे, ती पहाणी. प्रत्यक्षात दप्तर पटवाऱ्याच्या ताब्यात, नोंद पुष्कळदा बसल्या जागी. जमीनमालकाला स्वतःचाच कागद बघायला हात ओले करावे लागत. 2000 च्या सुमारास कर्नाटकाने ‘भूमी’ योजनेत ही दप्तरे संगणकावर आणली. तालुक्याच्या खिडकीवर 15 रुपयांत उतारा मिळू लागला, फेरफाराचे अर्जही आलेल्या क्रमानेच घेण्याचे बंधन आले. महाराष्ट्राच्या ‘ई-पीक पाहणी’त (2021) तर बघणारा शेतकरी स्वतःच, नोंद मोबाइलवर, पिकाच्या फोटोसह.