चाळीस एकरांचे सात

नात बी.ए.ला गेली आणि तिनं अर्थशास्त्र घेतलं, तेव्हा भावकीतला एक जण म्हणाला, "घरात पैसा नाही आणि पोरगी पैशाचं शास्त्र शिकणार!" मीही हसलो. माझं शिक्षण दहावीपर्यंत. माझं अर्थशास्त्र म्हणजे सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी आणि सातबारा.

दिवाळीच्या सुट्टीत ती ओसरीवर मोठ्यानं वाचायची. एक दिवस जमिनीच्या तुकड्यांचा धडा निघाला. मी खुरप्याला धार लावत होतो, हात थांबला. म्हटलं, "पोरी, हे परत वाच."

धड्यात पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचं नाव होतं. हॅरॉल्ड मॅन नावाचे साहेब पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. मूळचे रसायनशास्त्रातले. त्यांनी सहकारी बरोबर घेऊन हे गाव तपासलं. कुणाची जमीन किती, कर्ज किती, पिकतं किती, घराला लागतं किती, सगळं लिहून काढलं. १९१७ साली त्याचं पुस्तक निघालं. जुनी दप्तरं बघून त्यांनी हिशेब मांडला. १७७१ साली गावात खातेदारामागं सरासरी जमीन ४० एकर. १८१८ साली १७.५ एकर. १९१४-१५ साली उरली ७ एकर. १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेच्या वर तुकडे, त्यातले ४६३ एकराच्या आतले. बऱ्याच घरांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं, बाहेरच्या मजुरीचा टेकू लागत होता. आज त्या पिंपळे सौदागरात औत दिसत नाही, उंच इमारती दिसतात.

मला ती आमचीच गोष्ट वाटली. वडलांची चौदा एकर जिराईत, आम्ही चार भाऊ. वाट्याला साडेतीन एकर. तीही एका जागी नाही. ओढ्याकाठी थोडी, माळाला थोडी, विहिरीजवळ थोडी. शहरातला माणूस म्हणेल, एकेकानं एकेक पट्टा का नाही घेतला? पण ओढ्याकाठची काळी एकाला आणि माळाचा मुरूम दुसऱ्याला, हा न्याय कसा होणार? चांगल्यात चौघं, वाईटात चौघं. न्याय करता करता जमिनीच्या चिंध्या झाल्या.

नातीनं पान उलटलं. पुढं बाबासाहेब आंबेडकर. आम्हांला शाळेत बाबासाहेब म्हणजे घटना एवढंच शिकवलेलं. ते कोलंबियात अर्थशास्त्र शिकून १९१५ साली एम.ए. झाले, १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्याच १९१८ साली त्यांनी लहान शेतांवर एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. शेत परवडतं की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. त्यावर माणसं किती, बैल-औत किती, भांडवल किती, त्यांचं प्रमाण जुळतं का, ते बघा. बडोद्याकडचे आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की तिथं औतं-बैलच अपुरे, त्या मानानं शेतं लहान नाहीत, उलट मोठीच आहेत. आणि जादा माणसं जमिनीवरच बसून राहिली, तर तुकडे जोडून काही साधणार नाही. त्यांना दुसरं काम पाहिजे, म्हणजे कारखानदारी वाढली पाहिजे.

नातीनं मला विचारलं, "आबा, वाटणीआधी बैल किती होते?"

"एक जोडी. चौदाच्या चौदा एकर ओढायची."

"आणि नंतर?"

"चार घरं, चार जोड्या."

"मग जमीन तेवढीच राहिली आबा. बैलांचा खर्च चौपट झाला."

मी गप्प बसलो. आमच्याकडं काटा दुसऱ्या बाजूला कलला होता, पण प्रमाण बिघडलं होतं हे खरं. तीन जोड्या वर्षातले कितीतरी दिवस दावणीला बसून कडबा खायच्या, आणि आम्ही दोष पावसाला द्यायचो.

१९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही, असा तो कायदा. पण पोटात भूक आणि मनात संशय असला की कायदा कागदावर राहतो. सातबारा एकत्र आणि शेतात बांध वेगळे, अशी किती घरं दाखवू? माझंच घर दाखवतो. हातभर बांधासाठी मी थोरल्या भावाशी सात वर्षं बोललो नाही. तो गेला तेव्हा खांदा दिला. बांध अजून तिथंच आहे, त्यावर दोन्हीकडचं काहीच पिकत नाही.

यंदा माझ्या पोरांनी वाटणी मागितली. मी म्हटलं, नावं वेगळी लावा, पण विहीर, मोटार आणि ट्रॅक्टर एकत्र राहू द्या, नवा बांध घालू नका. हिशेबाची वही नातीकडं द्या, आणि घरच्या माणसांची मजुरी तिच्यात धरा. थोरला कबूल झालाय. धाकटा अजून विचार करतोय. नातीनं वही मात्र आजच घातलीय.