कलावंतीण दिसते, मुरंजन का दिसत नाही?

१/६
पनवेलच्या पूर्वेस दोन शिखरे जोडीने उभी आहेत : विस्तीर्ण माथ्याचा प्रबळगड आणि त्याला लगटून असलेला कलावंतिणीचा सुळका. मोबाइलवर शोध घेतला की सुळकाच आधी समोर येतो.

२/६
कारण उघड आहे. कातळात कोरलेल्या, कठडा नसलेल्या पायऱ्या चित्रफितीत विलक्षण दिसतात. मग ठाकूरवाडीची वाट नकाशा दाखवतो आणि प्रबळमाचीवरचा मुक्काम फोनवर ठरतो. माचीवरील घरांना त्यातून रोजगार मिळाला, हेही खरे.

३/६
इतिहास मात्र शेजारच्या माथ्यावर आहे. प्रबळगडाचे जुने नाव मुरंजन. १६३६ मध्ये निजामशाही वाचवण्याच्या अखेरच्या झुंजीत, मोगल पाठलागावर असताना शहाजीराजे या गडाकडे आले. पुढे त्यांनी माहुलीचा आश्रय घेतला.

४/६
१६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत प्रबळगड होता आणि जवळचा कर्नाळाही. घाटमाथ्यावरून पनवेल बंदराकडे उतरणाऱ्या वाटांवर या गडांची नजर होती.

५/६
कोण्या राणीसाठी सुळक्यावर महाल बांधल्याची कथा ऐकीव आहे. लोककथा म्हणून ती मोलाची. पण चित्रफितीखाली ती ‘इतिहास’ म्हणून फिरते.

६/६
पूर्वी वाटाड्याला विचारले की वाटेसोबत गोष्टही मिळे. उद्याचा प्रवासी यंत्राला विचारील, आणि जे अधिक वेळा लिहिले गेले तेच यंत्र सांगेल. म्हणून गडावर गेलात, तर माथ्याचेही एक छायाचित्र टाका. खाली लिहा : मुरंजन, १६३६.