नवे छोटे पिस्तूल अडते तेव्हा

परवान्यासाठी दीर्घ प्रतीक्षा करून, मोठी किंमत मोजून घेतलेले पिस्तूल शूटिंग रेंजवर पहिल्या दहा-बारा गोळ्यांतच अडकले, की मालकाच्या मनात दोनच विचार येतात. एक म्हणजे शस्त्र सदोष आहे, विक्रेत्याने फसवले. दुसरा म्हणजे नवे आहे, आपोआप सुटे होईल. पहिल्या विचारापोटी चांगले पिस्तूल महिनोन्महिने दुरुस्तीच्या खेपा घालत राहते. दुसऱ्यापोटी खरोखर सदोष असलेले शस्त्र कपाटात निर्धास्तपणे ठेवले जाते. हे शस्त्र स्वसंरक्षणासाठी घेतलेले असते आणि त्याची गरज पडलीच, तर ती एकदाच आणि काही क्षणांपुरती पडते. त्यामुळे बिघाड नेमका कोठे आहे, हे रेंजवरच शोधावे लागते.

शोध सुरू करण्यापूर्वीची शिस्त ठरलेली आहे. पिस्तूल अडले, तरी नळीचे तोंड लक्ष्याच्याच दिशेला राहिले पाहिजे आणि बोट चापावरून दूर झाले पाहिजे. चाप दाबूनही बार झाला नाही, तर लगेच स्लाइड ओढू नये. क्वचित दारू उशिरा पेटते, म्हणून किमान तीस सेकंद थांबावे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे दबका, फुसका आवाज. अशा वेळी गोळी नळीतच अडकून राहिलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी झाडली, तर नळी फुगते किंवा फुटते. त्यामुळे फुसका आवाज ऐकू आला, की त्या दिवसाचे झाडणे तेथेच थांबवावे. शस्त्र रिकामे करून नळी आरपार मोकळी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये.

छोट्या पिस्तुलांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ त्यांच्या छोटेपणातच असते. बार झाल्यावर स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, पुढे येताना मॅगझिनमधील वरचे काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते आणि बंद होते. पाच इंची नळीच्या मोठ्या पिस्तुलात स्लाइड जड असते आणि तिला मागेपुढे जाण्यास पुरेशी जागा असते. तीन-साडेतीन इंची पिस्तुलात स्लाइड हलकी, तिचा प्रवास आखूड आणि तिला आवरणारी स्प्रिंग अधिक ताठ असते. स्लाइडचा वेग वाढतो. तेवढ्याच अल्प अवधीत मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर उचलून ठेवायचे असते. मोठ्या शस्त्रात जी लहानशी उणीव खपून जाते, तीच येथे अडथळा ठरते. ताठ स्प्रिंगवर ताणही जास्त पडतो, म्हणून ती मोठ्या पिस्तुलापेक्षा लवकर थकते आणि निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत बदलावी लागते.

भारतातील वाचकासाठी यात एक खास मुद्दा आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सर्वसाधारण परवानाधारकाला मिळत नाही. त्याच्या वाट्याला बहुधा पॉइंट ३२ बोअरचे, म्हणजे ७.६५ मिलिमीटरचे पिस्तूल येते. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराने बेल्जियममधील एफएन कारखान्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काडतूस आखले. त्याच्या पुंगळीच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद आहे. बूड साधारण ८.६ मिलिमीटरचे आणि कड ९.१ मिलिमीटरची. प्रत्येक बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर डोकावणारी ही कड एका हट्टी बिघाडाचे कारण होते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकून बसतात आणि वरचे काडतूस पुढे सरकत नाही. जाणकार यास ‘रिमलॉक’ म्हणतात. मॅगझिनच्या मापापेक्षा आखूड काडतुसे वापरल्यास हा धोका वाढतो, कारण समोर मोकळी जागा राहते आणि काडतुसे धक्क्यागणिक मागेपुढे घसरतात. टोकाला पोकळी असलेल्या गोळ्यांची काडतुसे अनेकदा अशीच मिलिमीटरभर आखूड असतात. १९९९ च्या सुमारास बाजारात आलेल्या अमेरिकेतील केल-टेक पी-३२ या अतिशय हलक्या पिस्तुलाच्या संदर्भात या दोषाची बरीच चर्चा झाली. तथापि तो त्या एकाच पिस्तुलाचा नव्हे. तो मुळात काडतुसाच्या घडणीत आहे.

रिमलॉक झाल्यावर स्लाइड पुन्हा पुन्हा ओढून काहीच साधत नाही, उलट गुंता घट्ट होतो. मॅगझिन काढून काडतुसे हातांनी सुटी करावी लागतात. प्रतिबंध मात्र सोपा आहे. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे येईल अशी बसवावी, भरलेले मॅगझिन तळहातावर मागच्या बाजूने हलकेच आपटून काडतुसे नीट बसल्याचे पाहावे आणि निर्मात्याने सुचवलेल्या लांबीचेच काडतूस वापरावे. एवढे केल्यावर ‘शस्त्रच खराब’ ही तक्रार पुष्कळदा मिटते.

इतर अडचणींच्या शोधात एक नियम पाळला, तर निम्मे काम होते: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मॅगझिन, काडतूस आणि पकड हे तिन्ही एकदम बदलले आणि पिस्तूल चालू लागले, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. मॅगझिनवर रंगाने किंवा चिकटपट्टीने क्रमांक घालावा. बिघाड क्रमांक दोनच्या मॅगझिनबरोबरच होत असेल, तर शस्त्राला दोष देण्याचे कारण उरत नाही. काडतूस धरून ठेवणाऱ्या त्याच्या तोंडाशीच्या वळलेल्या कडा पडल्यामुळे वाकलेल्या असतात, किंवा स्प्रिंग कमजोर असते. मॅगझिन हा तसा स्वस्त आणि दुय्यम मानला जाणारा भाग आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. वास्तविक सुरुवात तेथूनच व्हावी.

पकडीचा दोष मान्य करणे सर्वांत अवघड, कारण तो शस्त्रात नसून मालकाच्या हातात असतो. स्लाइडला मागे जाण्यासाठी चौकटीचा स्थिर आधार लागतो. मनगट सैल असेल, तर संपूर्ण पिस्तूलच मागे सरकते, स्लाइडचा सापेक्ष प्रवास अपुरा पडतो आणि पुंगळी खिडकीत उभी अडकते. मूठ पुरेशी मावत नसलेल्या आखूड दांड्याच्या, हलक्या प्लास्टिक चौकटीच्या पिस्तुलात हे अधिक होते. याची परीक्षा सोपी आहे. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन आणि तीच काडतुसे रेंजवरील प्रशिक्षकाच्या हाती द्यावीत. त्याच्या हातात पन्नास गोळ्या निर्वेध चालल्या, तर उपाय सरावाचा आहे.

तेलाच्या बाबतीत दोन टोके दिसतात. कारखान्यातून आलेल्या शस्त्रावर गंज रोखण्यासाठी घट्ट तेल किंवा ग्रीस लावलेले असते. ते झाडण्यासाठी नव्हे, साठवणीसाठी असते, म्हणून पहिल्या वापरापूर्वी पुस्तिकेप्रमाणे उघडून स्वच्छ करावे आणि स्लाइड जेथे घासते त्या खाचांत पातळ तेलाचा थर द्यावा. याउलट फायरिंग पिनच्या भोकात तेल ओतणे हा नेहमीचा प्रमाद आहे. तेथे काजळी साचून लगदा होतो, पिनचा आघात मंदावतो आणि काडतुसाच्या टोपीवर पुसटसा ठसा उमटून बार होत नाही. न पेटलेल्या काडतुसाचे बूड म्हणूनच जपून पाहावे. ठसा खोल असेल, तर दोष काडतुसात असण्याची शक्यता अधिक. ठसा उथळ असेल, तर पिन, तिची स्प्रिंग किंवा पूर्ण बंद न झालेली स्लाइड तपासावी.

गोव्यासारख्या दमट प्रदेशात पावसाळा स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र कायम ठेवणे सोयीचे वाटते, परंतु चामडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळी पुंगळ्यांवर हिरवट थर चढतो. असा थर आलेले काडतूस चेंबरमध्ये घट्ट बसते किंवा निघता निघत नाही. निवडणुकीच्या काळात जमा करून परत मिळालेल्या शस्त्राचीही हीच तपासणी व्हायला हवी. कित्येक आठवडे ते कोणत्या हवेत राहिले, हे मालकाला ठाऊक नसते.

कधी कधी मात्र दोष खरोखरच कारखान्याचा असतो, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील रेमिंग्टन आर-५१ या पिस्तुलाचे आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जॉन पेडरसन यांनी रेमिंग्टनसाठी आखलेल्या मॉडेल ५१ च्या चतुर रचनेवर आधारित हे ९ मिलिमीटरचे छोटे पिस्तूल २०१४ च्या प्रारंभी गाजावाजा करून सादर झाले. जाहीर किंमत सुमारे ४२० डॉलर होती, आणि सुरुवातीच्या नमुन्यांची प्रशंसाही झाली. प्रत्यक्ष ग्राहकांच्या हाती आलेल्या पिस्तुलांविषयी मात्र तक्रारींचा ओघ सुरू झाला: काडतूस नीट न भरले जाणे, स्लाइड पूर्ण बंद न होणे, सुटे केल्यावर जोडणी अवघड जाणे. जुलै २०१४ मध्ये कंपनीने ती परत घेण्याची घोषणा केली आणि नमुन्यावरून मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाकडे जाताना अडचणी आल्याचे मान्य केले. त्याच वर्षी ऑक्टोबरपर्यंत दोन जादा मॅगझिनसह नवे पिस्तूल देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात सुधारित आवृत्ती बाजारात आली ती २०१६ मध्ये. ज्यांनी घरी कानस चालवून, स्प्रिंगा बदलून ते ‘दुरुस्त’ करण्याचा खटाटोप केला असेल, त्यांची मेहनत वायाच जाणार होती, कारण दोष मापांतच होता.

भारतात तर असा खटाटोप कायद्यालाही मान्य नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, तिच्यात बदल आणि तिची चाचणी यांसाठी स्वतंत्र परवाना लागतो. स्वच्छता आणि तेल देणे मालकाने करावे. काडतूस चढते तो उतार घासणे, पुंगळी ओढणाऱ्या आकड्याचा ताण बदलणे किंवा चापाची यंत्रणा उघडणे ही कामे परवानाधारक कारागिराची किंवा कारखान्याची आहेत. उतार ‘आरशासारखा’ करण्याच्या नादात त्याचा कोन बदलला, तर पूर्वी कधीतरी अडणारे शस्त्र प्रत्येक मॅगझिनला अडू लागते.

नवे शस्त्र किती गोळ्यांनंतर भरवशाचे मानावे, यावर मतभेद आहेत. अमेरिकेतील कार या कंपनीची पुस्तिका २०० गोळ्या झाडून होईपर्यंत तिचे पिस्तूल स्वसंरक्षणासाठी विश्वसनीय समजू नये, असे स्पष्ट बजावते. भारतातील परवानाधारकापुढे येथेच पेच उभा राहतो. एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, याची मर्यादा परवान्यावर नमूद असते, आणि झाडण्याची जागा म्हणजे मान्यताप्राप्त रेंजच. काडतुसे महाग, संधी थोड्या. त्यामुळे प्रत्येक गोळीची नोंद ठेवण्याला येथे अधिक मोल आहे. साध्या वहीत दिनांक, काडतुसाची जात आणि उत्पादन-तुकडी, मॅगझिनचा क्रमांक, मॅगझिनमधील कितवी गोळी, झाडणारा कोण आणि बिघाडाचे स्वरूप एवढे लिहिले, तरी चार भेटींत आकृती दिसू लागते. शेवटचीच गोळी अडत असेल, तर मॅगझिनची स्प्रिंग संशयित ठरते. भरलेल्या मॅगझिनमधील पहिलीच अडत असेल, तर मॅगझिन फार ताठ असल्याची शक्यता आहे. एकाच तुकडीची काडतुसे पेटत नसतील, तर उरलेली विक्रेत्याला दाखवावीत.

शस्त्र कारागिराकडे द्यावे लागलेच, तर ही वही, बिघाड झालेले मॅगझिन, अडकलेल्या पुंगळ्या आणि जमल्यास अडकलेल्या स्थितीचे छायाचित्र सोबत द्यावे. ‘कधी कधी अडते’ एवढेच सांगून दिलेले पिस्तूल कारागिराच्या हाती बहुधा अडत नाही आणि जसेच्या तसे परत येते.