फेरीला निघायचं, पण कुठल्या ऋतूत?

आजचा एपिसोड पंचवटीतून. १ मे शुक्रवारी आलाय, म्हणजे हातात तीन दिवस. आमच्या ग्रुपनं ठरवलं, ब्रह्मगिरीची फेरी. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावरून निघायचं, डोंगराला वळसा घालून तिथेच परत. अंतर साधारण २० किलोमीटर. मोबाइलवर रूट सेव्ह केला, सॅक भरायला घेतली, तेवढ्यात आजी म्हणाली, "अरे, फेरी श्रावणातली. मे महिन्यात पाणी कुठलं?"

आधी हसलो, मग इतिहास आठवला. इथे पायी फिरणारे दोघं. एक फौजा. त्या दसऱ्यानंतर निघायच्या आणि उन्हाळ्यापर्यंत मोहिमेवर असायच्या, कारण तेव्हा रस्ते कोरडे आणि नद्यांना उतार. इंग्रजांनी त्र्यंबकगड घेतला तोही एप्रिल १८१८ मध्येच. पण फौजेसोबत बैल असायचे, पखाली असायच्या. गडावरच्यांनी तर कातळात पाण्याची टाकीच खोदलेली.

दुसरे यात्रेकरू. ते निघतात श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या. श्रद्धा आहेच, पण तेव्हा ओढे वाहत असतात, ऊन नसतं आणि वाटेत सोबत असते. म्हणून हातात एक तांब्या असला तरी भागायचं.

आणि आम्ही? फौजेच्या ऋतूत, यात्रेकरूचं सामान घेऊन निघालो होतो!

प्लॅन बदलला. फेरी दोन सकाळींत वाटली. पहाटे पाचला चालायला सुरुवात, दहाला सावलीत मुक्काम. माणशी चार लिटर पाणी, आणि मुक्कामाच्या गावात आधीच फोन. गावकऱ्यांच्या टंचाईतलं पाणी गृहीत धरायचं नाही.

मंडळी, रूट मोबाइल सांगेल. ऋतू मात्र आजीला विचारा.