कल्याणची कन्या आणि अमेरिकेची लोकस्थिती

समुद्रगमन हे ज्या काळी पातक मानले जाई, आणि परतलेल्यास ज्ञातीत घ्यावयाचे तर प्रायश्चित्ताचा आग्रह धरला जाई, त्या काळी आपल्या चित्पावन ज्ञातीतील दोन स्त्रिया अमेरिकेत राहिल्या आणि तेथील जीवनाविषयी त्यांनी लिहिले. त्यांपैकी एक आमच्या डोंबिवलीच्या शेजारची, ठाकुर्ली ओलांडताच लागणाऱ्या कल्याणची, हे आमच्या तरुण पिढीस ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना म्हणजेच डॉ. आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील गोपाळरावांशी विवाह झाला. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण करून, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी सांगितले, आणि एप्रिलमध्ये प्रस्थान ठेवले. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी त्या राहिल्या. शाकाहाराचा नियम त्यांनी मोडला नाही. लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधे, म्हणून गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. एवढ्याशा बदलाचाही खुलासा पतीस पत्राने करावा लागे, यावरून त्या काळच्या बंधनांची कल्पना यावी. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ही हकीकत मराठी वाचकांपर्यंत पोहोचली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, पुण्यात निवर्तल्या.

त्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पाहुण्या म्हणजे पंडिता रमाबाई. आल्या त्या समारंभापुरत्या, राहिल्या १८८८ च्या अखेरीपर्यंत. परतल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. राजाविना चालणारी राज्यपद्धती, गृहस्थिती, विद्या, धर्म, व्यापार आणि स्त्रियांच्या संस्था यांचे सविस्तर वर्णन त्यात आहे. बाईंनी केवळ गुणगान केलेले नाही. मूळ रहिवाशांवर झालेले अन्याय व काळ्या लोकांविषयीचा वर्णद्वेष यांवरही त्यांनी स्पष्टपणे लिहिले.

रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यामुळे त्यांना आपले म्हणण्यास ज्ञातिजन कचरले. आनंदीबाईंचा मात्र अभिमान बाळगला गेला. आमच्या मते हा न्याय एकांगी होय. ग्रंथाचे मोल लेखकाच्या धर्मावरून ठरत नाही. मीरा कोसंबी यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००३ साली निघाले. आपल्या घरांत मूळ मराठी ग्रंथ किती जणांनी वाचला असेल?

आज डोंबिवलीतील कितीतरी घरांतील मुले-मुली परदेशी आहेत, आणि कोणीही त्यांना प्रायश्चित्त विचारीत नाही. त्यांनी तेथील स्वयंपाकघर, शेजार, निवडणुका आणि अन्याय डोळसपणे पाहून मराठीत लिहावे. आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ते लेखन जपून ठेवावे. या दोन भगिनींचे ऋण फेडण्याचा याहून उचित मार्ग आम्हांस दिसत नाही.